काचेला चांदीचं अस्तर, आणि लेसरच्या ठिपक्यातली काळी रेघ: कोणी केलंय का हे?

शहापूर_मास्तर (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी बेळगावात पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. परवा प्रकाशतंतूचा धडा चालू होता. भारतात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी, त्यांचा १९५४ सालचा काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याचा प्रयोग, पूर्ण आंतरिक परावर्तन (काचेतला प्रकाश तिरका येऊन कडेवरून सगळाच आत परततो ते), सगळं नेहमीसारखं. मधेच खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, प्रकाश कोंडायचाच आहे तर काचेला बाहेरून धातूच का मढवत नाहीत? सगळीकडून आरसा केला तर जाईल कुठं तो?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. पूर्ण आंतरिक परावर्तनात काही वाया जात नाही, धातू मात्र प्रत्येक आपटीला थोडा प्रकाश खातो. आपटीला ९७ टक्के परत येतो असं धरलं तरी शंभर आपट्यांनंतर पाच टक्केसुद्धा उरत नाही. मुलगी गप्प बसली, खरं तिचं समाधान झालं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की तिनं विचारलेली वस्तू खरोखरच आहे. तिला धातूनं मढवलेला तरंगवाहक म्हणतात, म्हणजे प्रकाशाला आत कोंडून पुढे नेणारी वाट. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची काच, खालून २०० नॅनोमीटरच्या आसपास चांदी, वरून फक्त ३०-४० नॅनोमीटर. वरून लेसर सोडला की ठरावीक कोनांवर प्रकाश त्या पातळ चांदीतून आत शिरतो आणि परावर्तित ठिपका काळवंडतो, त्यात काळी रेघ दिसते. एरवी प्रकाश असा आत घालायला लागतो तो प्रिझमही लागत नाही. शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठातल्या गटानं २००३ च्या सुमारास हे करून दाखवलं. शिवाय त्या कोनांवर परत येणारा ठिपका बाजूला सरकतो.

मला हे मुलांच्या हातून इथेच करून घ्यायचंय. आमच्याकडे एक जुना हीलियम-निऑन लेसर आहे. चांदी कशी चढवायची? आणि आमच्या साधनांत रेघ दिसेल का?

टिळकवाडी_७ · रविवार, रात्री १०:०२

मास्तर, उत्साह समजला, खरं ही वस्तू नवी नव्हे. दोन चांदीचे थर आणि मधे काच म्हणजे फॅब्री आणि पेरो यांनी १८९९ मध्ये मांडलेला व्यतिकरणमापी, दोन आरशांत फेऱ्या मारणाऱ्या प्रकाशाचे तरंग एकमेकांत मिसळून मोजणारं साधन. त्यांच्याही काचांना पातळ चांदीच होती. त्याला तरंगवाहक म्हणायचं कशाला?

मलप्रभाकाठ · रविवार, रात्री १०:२०

आमच्या खानापूरच्या पोरीनं प्रश्न विचारला हे वाचूनच बरं वाटलं. बाकी काही कळलं नाही, तरी धागा वाचत राहणार.

संकेश्वरी · रविवार, रात्री ११:३५

मूळची संकेश्वरची, सध्या बेंगळुरात एका प्रयोगशाळेत पातळ थरांवर काम करते. सर, होईल हे. आधी टिळकवाडी दादांचं घेते, कारण आक्षेप रास्त आहे.

फॅब्री-पेरोत दोन्ही आरसे अर्धपारदर्शक असतात, आपण पलीकडे गेलेला प्रकाश बघतो. इथे खालचा थर इतका जाड की पलीकडे काहीच जात नाही. आता समजा ही चांदी अगदी आदर्श आहे, काडीचाही प्रकाश खात नाही. मग काय दिसेल? काहीच नाही. गेलेला सगळा प्रकाश परत येणार, ठिपका सगळ्या कोनांवर सारखाच उजळ. फक्त तरंगाची कला, म्हणजे त्याच्या चढ-उताराचा ताल, बदलेल आणि ती डोळ्यांना दिसत नाही. काळी रेघ दिसते ती चांदी खाते म्हणून.

थोडं विस्तारानं सांगते. परतणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग असतात. एक वरच्या चांदीवर आपटून तिथूनच माघारी फिरलेला, दुसरा काचेत शिरून, वरखाली फेऱ्या मारून, वरच्या थरातून पुन्हा गळलेला. अनुनादाच्या कोनाला, म्हणजे आतल्या फेऱ्यांचे तरंग जिथे एकमेकांशी जुळतात तिथे, हे दोघे एकमेकांच्या उलट तालात येतात. आतल्या फेऱ्यांत जेवढा प्रकाश धातूत जळतो तेवढाच वरून गळत असेल, तर दोन्ही भाग सारख्या जोराचे होऊन एकमेकांना पुसून टाकतात आणि रेघ ठार काळी होते. म्हणून वरच्या थराची जाडी इतकी नाजूक. फार पातळ झाला तर गळती जास्त, फार जाड झाला तर कमी, दोन्हीकडे रेघ फिकी.

वर्गात तुम्ही ज्याला तोटा म्हणालात, सर, त्याच्यामुळेच रेघ दिसते आणि तिचा कोन मोजता येतो. तिला हे नक्की सांगा.

टिळकवाडी_७ · सोमवार, सकाळी ७:१५

चांदी खात नसती तर रेघच नसती, हा मुद्दा मान्य. मी तसा विचार केला नव्हता. तरी लहान कोनांना फेऱ्यांचं गणित तेच राहतं ना? काचेच्या जाडीची दुप्पट, गुणिले अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा), गुणिले आतल्या कोनाची कोज्या, बरोबर तरंगलांबीची पूर्ण पट.

संकेश्वरी · सोमवार, सकाळी ८:४०

तेच, दादा. धातूत शिरताना कलेचा थोडा फरक पडतो, तेवढा सोडला तर तंतोतंत तेच. अर्धा मिलिमीटर काच, अपवर्तनांक १.५, हीलियम-निऑनची ६३२.८ नॅनोमीटर: पट येते २३७० च्या घरात. साध्या तरंगवाहकात पहिली, दुसरी, तिसरी रीत (मोड, म्हणजे प्रकाशाची आत चालायची एक ठरावीक तऱ्हा) असली मोजकी मंडळी असतात, इथे दोन हजारांच्या वर. आपण जवळजवळ उभा प्रकाश टाकतो तेव्हा सगळ्यांत वरच्या क्रमांकाच्या रीतींशी गाठ पडते. त्या काचेतून आडव्या अगदी सावकाश सरकतात, म्हणून जाडीत, अपवर्तनांकात किंवा तरंगलांबीत जरा फरक पडला की कोन हलतो. दोन्ही नावं खरी आहेत, कुठून बघता त्यावर.

निपाणीकर_आजोबा · सोमवार, सकाळी ९:०५

मी निवृत्त मराठी शिक्षक. तरंगवाहक हा शब्द बरा आहे, ठेवा. 'रीत' मात्र फारच आवडला. 'मोड'साठी परिभाषा कोशातून जड शब्द शोधत बसण्यापेक्षा प्रकाशाची चालायची रीत म्हणणं किती सोपं!

एक गोष्ट सीमेवर राहणाऱ्यांनाच सुचेल म्हणून लिहितो. कन्नडमध्ये प्रकाशाला बेळकु म्हणतात आणि चांदीला बेळ्ळी. दोन्ही शब्द पांढरं, उजळ अशा अर्थाच्या एकाच मुळातले. मास्तर, तुमच्या वर्गात निम्मी मुलं कन्नड शाळांतून आलेली असतील. त्यांना हे सांगून धडा सुरू करा, कायमचं लक्षात राहील.

शहापूर_मास्तर · सोमवार, दुपारी १:३०

आजोबा, आजच सांगितलं. अथणीचा एक मुलगा एकदम ताठ बसला. मनापासून आभार.

संकेश्वरीताई, तुमचं स्पष्टीकरण फळ्यावर तसंच्या तसं मांडलं. आता चांदीचं काय करू? बाहेरून थर करून आणायचा प्रयत्न गेल्या वर्षी दुसऱ्या कामासाठी केला होता. दोन महिने थांबून हातात आलेला थर नखानं निघत होता, पैसे गेले ते गेलेच. म्हणून रसायनानं इथेच चढवावं म्हणतो.

हुपरीकर · सोमवार, दुपारी ४:१०

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या पैंजणांच्या धंद्यात. चांदीचं नाव बघून आलो. मिठाईवरचा वर्ख एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतो, फुंकर मारली तर उडतो. तुम्ही म्हणता ३०-४० नॅनोमीटर, म्हणजे वर्खसुद्धा त्याच्यापुढे जाडाभरडाच.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर लगेच. पॅकिंगच्या रबरानंसुद्धा काळी पडते, हे आम्ही नुकसान सोसून शिकलोय. काचा बंद डबीत ठेवा, आत खडूचा तुकडा टाका, ओल ओढून घेतो. एक विचारतो, तुमच्या चांदीचा टंच कसा बघणार?

संकेश्वरी · सोमवार, सायंकाळी ६:५५

हुपरीकर काका, रसायनातून बसणारी चांदी शुद्धच असते, अडचण तिच्या पोताची. पातळ थरात ती सलग बसत नाही, बेटं-बेटं होतात, आणि अशी चांदी जास्त प्रकाश खाते. निर्वात पात्रात वाफेनं चढवलेला थर कधीही चांगला. तरी सर, शिकण्यासाठी रासायनिक थर चालेल. रेघा रुंद येतील, पण येतील.

जाडीचा अंदाज डोळ्यांनी घ्या. काच दिव्यासमोर धरली की पातळ चांदीतून पलीकडचा उजेड निळसर दिसतो. दिवा निळा दिसतोय आणि तरी काचेत आपलं तोंडही दिसतंय, अशा वेळी थांबा.

गणपत_गल्ली · सोमवार, रात्री ८:२०

आम्ही सोनार. सोन्याचा पातळ पत्रा उजेडाला धरला की हिरवट दिसतो. वडील लहानपणी मला खिडकीत उभं करून दाखवायचे. चांदीचा निळा हे आज कळलं.

रसायन_ताई · सोमवार, रात्री ९:४५

थांबा जरा, हे वाचून मगच पुढे जा. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, कॉस्टिक आणि ग्लुकोज हे आरशाचं द्रावण उरलं म्हणून बाटलीत भरून ठेवायचं नाही. ठेवलं की त्यात स्फोटक चांदीची संयुगं तयार होतात. बाटली नुसती हलवली तरी फुटू शकते. लागेल तेवढंच ताजं करा, काम झालं की लगेच भरपूर पाण्यात पातळ करून सौम्य आम्ल घालून निकामी करा. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. मुलांना एकटं सोडू नका, सर.

आणि काच द्रावणात बुडवली की दोन्ही बाजूंना चांदी बसते. आधी जाड थर बसू द्या, मग एक बाजू सौम्य नायट्रिक आम्लाच्या बोळ्यानं पुसून काढा. पाठीमागच्या जाड थरावर नेलपॉलिश लावा, वाळू द्या, मग पुढची बाजू पातळ थरासाठी पुन्हा द्रावणात, यावेळी जेमतेम.

शहापूर_मास्तर · शनिवार, दुपारी ३:५०

ताई, सूचना प्रयोगशाळेच्या दारावर लावल्या. काचेची साधी स्लाइड घेतली, एक मिलिमीटरची. दोन्ही थर बसले, दिवा निळाही दिसला. लेसर पॉइंटर मारला, स्लाइड अर्ध्या-अर्ध्या अंशानं फिरवली. काहीही नाही. ठिपका होता तसाच. मुलं दोन तास उभी होती.

संकेश्वरी · शनिवार, सायंकाळी ५:१५

सर, पॉइंटर बाजूला ठेवा. एक मिलिमीटर काचेत शेजारच्या दोन रीतींमधलं अंतर तरंगलांबीच्या भाषेत नॅनोमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढं. स्वस्त पॉइंटरचा प्रकाश त्याहून जास्त पसरलेला असतो किंवा उड्या मारत असतो, त्यामुळे सगळ्या रेघा एकमेकींवर चढून पुसल्या जातात. तुमचा हीलियम-निऑन वापरा. काचही पातळ घ्या, सूक्ष्मदर्शकाची कव्हर स्लिप, साधारण ०.१५ मिलिमीटर.

आणि काच फिरवू नका. लेसरसमोर लहान नाभीअंतराचं भिंग धरून प्रकाश काचेवर एका बिंदूत आणा, काच थोडी कलती ठेवा. मग बरेच कोन एकदमच पडतात. परत येणारा प्रकाश भिंतीवर मोठ्या लाल चकतीसारखा पसरेल आणि जे कोन आत गेले तिथे काळ्या रेघा उमटतील. बिंदू बारीक असल्यानं काच सगळीकडे एकसारखी सपाट नसली तरी बिघडत नाही. चकतीकडे भिंतीवरच बघा, किरणाच्या वाटेत डोळा आणू नका.

कव्हर स्लिपला पाच अंशांच्या आसपास दोन रेघांत दोन अंशांचं अंतर येईल, दहा अंशांना एकाचं. बाहेर जाल तशा दाट होतात.

साखर_लॅब · रविवार, सकाळी १०:३०

मी चिकोडी तालुक्यात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. आमचं रोजचं काम म्हणजे पोल, ब्रिक्स, प्युरिटी, सगळी उसाच्या रसाची मोजमापं. ब्रिक्स म्हणजे द्रावणातली साखरेची टक्केवारी, ती आम्ही अपवर्तनांकावरूनच काढतो. पाणी १.३३३, दहा टक्के साखरेचं द्रावण १.३४८ च्या जरा आत. यंत्रात प्रिझम असतो आणि उजेड-अंधाराची सीमारेषा बघायची. आता कुतूहल असं की काचेच्या जागी द्रावणच भरलं तर?

संकेश्वरी · रविवार, दुपारी १२:१०

साखर दादा, नेमकं तेच करतात. प्रिझमवर सोन्याचा थर देऊन पृष्ठ-प्लाझ्मॉननं, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेनं, मोजायची एक प्रसिद्ध पद्धत आहे; प्रिझमनं ही लाट उठवायची युक्ती १९६८ मधली, ऑटो आणि क्रेचमन-रेथर यांची. त्यात प्रकाश नमुन्यात शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंतच डोकावतो. इथे नमुनाच मधल्या थरात, प्रकाश सगळा त्याच्यातच फिरणार. अर्धा मिलिमीटर द्रावणात अपवर्तनांक एक दशसहस्रांशानं बदलला तर रेघ दोन रेघांमधल्या अंतराच्या सहाव्या हिश्श्यानं सरकते. तेवढा बदल म्हणजे तुमच्या भाषेत ०.०७ ब्रिक्स.

साखर_लॅब · रविवार, दुपारी २:००

०.०७! गळीत हंगामात रात्रपाळीला सीमारेषा कुठं धरायची यावर आमच्यात वाद होतात हो. मात्र तापमानाचं काय? आम्ही सगळं २० अंशांला दुरुस्त करून घेतो. पाण्याचा अपवर्तनांक अंशामागे साधारण तेवढाच, एक दशसहस्रांश बदलतो. म्हणजे खोली एका अंशानं तापली की तुमची रेघ साखर न घालताच सरकली. आणि कच्चा रस गढूळ असतो, त्याचं काय?

शहापूर_मास्तर · पुढचा गुरुवार, रात्री ११:२०

मंडळी, रेघ दिसली.

आज दुपारी वीज गेली होती, ती साडेचारला आली. खिडक्यांना काळं कापड लावलं. कव्हर स्लिप, मागे जाड चांदी, पुढे निळसर पातळ. त्या मुलीनंच भिंग धरलं होतं. भिंतीवर लाल चकती पडली, आणि तिच्यात नखाच्या कडेसारख्या वाकलेल्या तीन काळ्या रेघा. कडा मऊ होत्या, मधोमध मात्र अंधार. काच जराशी सरकवली की रेघा हलल्या. तिनं विचारलं, "सर, इथला प्रकाश आत्ता चांदीच्या आत आहे ना?" मी हो म्हणालो.

नंतर पाण्याची पेटी केली. दोन स्लाइड, चांदीच्या बाजू आत, मधे प्लास्टिकच्या पारदर्शक पट्ट्यांचे तुकडे रचून अर्धा मिलिमीटर. पाणी भरून ४० अंशांवरून ३० पर्यंत निवू दिलं. गरम पाण्याचा अपवर्तनांक अंशामागे एका दशसहस्रांशाहून जरा जास्तच बदलतो, ते धरलं तर ताईंच्या हिशोबानं दोन रेघांहून जास्त सरकायला हवं होतं. जेमतेम एक सरकली. तीनदा केलं, तीनदा तेच. कुठं चुकतंय?

उद्यमबाग_फौंड्री · शुक्रवार, सकाळी ६:५०

मास्तर, प्रकाशातलं मला काही कळत नाही, ओतकामात तीस वर्षं गेली. तुमचं प्लास्टिक आकसतंय. ओतीव निवताना आकसते म्हणून आम्ही पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) आधीच मोठा करतो, प्रत्येक धातूची वेगळी सूट. प्लास्टिक काचेच्या कितीतरी पट आकसतं. पाणी निवताना पट्टी बारीक होणार, पेटीची उंची कमी होणार. पट्टी काचेची घाला बघू.

संकेश्वरी · शुक्रवार, सकाळी ९:२५

फौंड्री काका, अगदी बरोबर पकडलंत! पाणी निवलं की अपवर्तनांक वाढतो, रेघा बाहेर जातात. पेटी आकसली की रेघा आत येतात. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून निम्मीच सरकली. सर, कव्हर स्लिपचे तीन तुकडे एकावर एक ठेवा, ०.४५ मिलिमीटर होतील. मग दोन रेघा यायला हव्यात.

साखर दादा, तुमच्या तापमानाच्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. शेजारी नुसत्या पाण्याची दुसरी पेटी ठेवायची आणि दोघींतला फरक वाचायचा. गढूळ रसात आतला प्रकाश वाटेतच विखुरतो, रेघ फिकी पडते. गाळून, पातळ करूनच घ्यावा लागेल.

मलप्रभाकाठ · शुक्रवार, सकाळी १०:००

मला एकच विचारायचंय. पहिल्या पोस्टमध्ये ठिपका बाजूला सरकतो असं होतं, ते राहिलंच की!

टिळकवाडी_७ · शुक्रवार, सकाळी ११:४०

ते मी वाचून काढलं, लिहितो. गूस आणि हेन्शेन यांनी १९४७ मध्ये दाखवलं की पूर्ण परावर्तन होताना किरण आपटल्या जागेवरून नाही, जरा पुढून परततो. हे सरकणं तरंगलांबीच्या घरातलं, म्हणून त्यांना पुष्कळ परावर्तनं साठवून ते मोजावं लागलं. धातूनं मढवलेल्या जाड तरंगवाहकात प्रकाश आत शिरतो, आडवा थोडा चालतो, मग गळतो, त्यामुळे सरकणं शेकडो मायक्रॉनपर्यंत जातं. गंमत अशी की वरची चांदी जाड होऊन गळती आतल्या खाण्यापेक्षा कमी झाली, तर ठिपका उलट्या दिशेला सरकतो.

संकेश्वरीताई, इथे मात्र फॅब्री-पेरो म्हणून बघण्यापेक्षा तरंगवाहक म्हणून बघणं सोयीचं पडतं. माझा सुरुवातीचा आक्षेप तेवढा मागे घेतो.

संकेश्वरी · शुक्रवार, दुपारी १:०५

दादा, सुंदर लिहिलंत. एक जोडते: मधे काचेऐवजी लिथियम नायोबेटचा स्फटिक घातला तर वरखालची चांदी विजेचे ध्रुव म्हणूनही चालते. व्होल्टेज बदललं की स्फटिकाचा अपवर्तनांक बदलतो, रेघ हलते, ठिपका हलतो. प्रकाशाला हात न लावता वळवता येतं. सर, ठिपक्यासाठी भिंग काढा, सरळ किरण वापरा आणि भिंग काढलेला जुना वेबकॅम समोर ठेवा. शंभर मायक्रॉन म्हणजे त्यावर कित्येक पिक्सेल.

शहापूर_मास्तर · सोमवार, सायंकाळी ७:३०

काचेच्या पट्ट्या घातल्या. ४० वरून ३०. सुरुवातीच्या रेघेच्या जागी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली होती. त्या खुणेवरून पुढची एक रेघ गेली, मग दुसरी आली, आणि तापमापक ३० वर आला तेव्हा ती बरोबर खुणेवर येऊन थांबली. फौंड्री काका, मुलांनी तुमचं नाव वहीत लिहून ठेवलंय.

हुपरीकर काका, खडू घातलेल्या डबीतली काच आठवड्यानंतरही चकचकीत आहे. बाहेर राहिलेली पिवळसर पडली.

आता वेबकॅम. कुणाकडे जुना पडलेला आहे का?

साखर_लॅब · सोमवार, रात्री ८:१५

माझ्याकडे आहे. बुधवारी साप्ताहिक सुट्टी, बेळगावला येतोय. १०, १५ आणि २० ब्रिक्सची द्रावणं मोजून, बाटल्यांवर लिहून आणतो. किती वाजता येऊ, सर?

शहापूर_मास्तर · सोमवार, रात्री ८:२०

चारला या. वीज असेल तर लगेच सुरू करू.